यादीतील तेवीस नावे आणि राऊत मॅडम

शनिवार, दिनांक ९ जुलै २०१६, दुपारी साडेतीन वाजता मी एका प्रबंधातील तक्ता क्रमांक सहाची बेरीज तिसऱ्यांदा करून पाहत होतो. विरार पूर्वेला विद्यापीठाच्या उपकेंद्राच्या फाटकासमोर एका पत्र्याच्या टपरीत माझा संगणक आणि प्रिंटर होता. समोर कोणीतरी येऊन उभे राहिल्याचे जाणवले होते. पण मध्येच मान वर केली तर बेरीज सुटेल, म्हणून ती पूर्ण केली आणि मगच पाहिले. अर्थशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. यमुना राऊत उभ्या होत्या. त्यांच्या हातात त्याच प्रबंधाचे, मी आदल्या आठवड्यात टाइप केलेले प्रकरण होते.

“हा तक्ता तुम्ही टाइप केलात?” त्यांनी विचारले.

“हो मॅडम.”

“माझ्या विद्यार्थिनीने बेरीज चारशे बारा लिहिली होती. तुम्ही चारशे एकवीस केलीत.”

“बेरीज चुकली होती मॅडम. मी तीनदा करून पाहिली.”

“बेरीज चुकली होती, की वरचा एखादा आकडा चुकला होता?”

हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवले. त्या मुलीने वहीतून उतरवताना पंधराचे चोवीस केले होते. आकडा चुकला होता, बेरीज बरोबर होती, आणि मी चुकीचे सोडून बरोबर होते तेवढेच बदलले होते. मॅडमनी आवाज चढवला नाही. शेजारच्या टपरीतून त्यांनी एक पेन्सिल विकत घेतली आणि माझ्या टेबलावर ठेवली. “लक्ष देऊन काम करता, हे चांगलं आहे. पण न विचारता दुरुस्त करत जाऊ नका. शंका आली की पेन्सिलीने खूण करा आणि विचारा.”

राऊत मॅडमशी माझी पहिली ओळख झाली ती अशी. त्यांचा हा सल्ला मी पुढे एकदा मोडला. त्याची किंमत माझ्याऐवजी त्यांनी भरली आणि आजवर कोणालाही सांगितले नाही.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाचे टाइपिंग संपादक मंडळाने माझ्याकडे दिले, त्यामुळे इतरांचे सर्व लेख मी वाचले आहेत, काही तर दोनदा. लिहिणारे मॅडमचे सहकारी आहेत, विद्यार्थी आहेत, काही आता स्वतः प्राध्यापक आहेत. मी बारावीला अर्थशास्त्रातच नापास झालो आणि शाळा तिथेच सुटली. या मंडळींच्या पंगतीत बसण्याची माझी पात्रता नाही. परंतु एका लेखात असे वाक्य आहे की, ‘फाटकाबाहेरील विक्रेत्यांच्या यादीच्या प्रकरणात मॅडमकडून अनवधान झाले.’ दुसऱ्या एका लेखात त्याच प्रकरणाला ‘एका निर्मळ कारकिर्दीवरील एकुलता एक डाग’ म्हटले आहे. दोघांनीही प्रेमाने लिहिले आहे. पण तो डाग मॅडमचा नाही, आणि हे माझ्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

पूर्वीसारखा असतो तर टाइप करताना ती दोन वाक्ये मी गुपचूप गाळली असती. या वेळी पेन्सिलीने खूण केली आणि संपादकांना विचारले. ते म्हणाले, “लेखकांचं मत आहे, आपल्याला बदलता येणार नाही. तुमच्याकडे वेगळी माहिती असेल तर तुमच्या नावाने लिहा.” म्हणून हा लेख.

त्या वर्षी विद्यापीठाने मॅडमकडे एक अभ्यास सोपवला होता. उपकेंद्र सुरू झाल्यापासून आसपासच्या वस्त्यांना आणि गावांना त्याचा आर्थिक उपयोग काय झाला, याचा अहवाल हवा होता. माझे अक्षर बरे आणि आकड्यांचा कंटाळा नाही, एवढ्यावर मॅडमनी मला नोंदी घेण्यासाठी सोबत घेतले. तेव्हा फाटकाबाहेर माझ्यासह तेवीस विक्रेते बसत. पहिल्या दिवशी आम्ही सुरुवात केली ती फिलूमावशींपासून. त्या अर्नाळ्याच्या कोळीण. सुक्या जवळ्याचे कालवण, भात आणि पाव विकत. जेवायला विद्यार्थ्यांची रांग लागे. मी वही उघडून विचारले, “मावशी, दिवसाला धंदा किती होतो?”

“माझ्या नवऱ्याला ठावं नाय, तुला सांगू?” मावशी म्हणाल्या. “कोन तू, इनकम टॅक्सवाला? कालपरेंत टायपिंग करत व्हता ना?”

आजूबाजूचे हसले, आणि पुढच्या सात टपऱ्यांवर मला कोणीच काही सांगितले नाही. मॅडम मात्र बाकावर बसून शांतपणे जेवल्या. हात धुताना त्यांनी सहज विचारले, “पाव किती लाद्या लागतात हो मावशी?”

“सोमवारी चार. परीक्षा असली का सा. सुट्टीत येक घेते, ती पन उरते.”

मावशींनी हे जराही न अडखळता सांगितले. परतताना मॅडम मला म्हणाल्या, “उद्यापासून पैसे विचारायचे नाहीत. पाव विचारायचे.”

तीच आमची पद्धत झाली. वर्षभर दर सोमवारी आणि शुक्रवारी मी वही घेऊन फिरलो. खाण्याच्या टपऱ्यांवर पाव विचारले, चहावाल्याकडे दुधाच्या पिशव्या मोजल्या, झेरॉक्सवाल्याकडे कागदाची रिमे मोजली. फुलपाड्यात विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरांत भाडे विचारले नाही, खाटा मोजल्या. मॅडम आठवड्यातून एकदा बेकरीवाल्या पास्कूकाकांकडे जाऊन पावांचा मेळ घालत. पास्कूकाका सगळ्या फाटकाला पाव पुरवत. ते म्हणत, “माणूस सांगताना वरखाली करेल मॅडम, पाव कसा करेल? उरला तर तो माझ्याकडेच परत येतो.” एकदा एका टपरीच्या नोंदीत दोन लाद्यांचा फरक निघाला. मी सगळी वही पुन्हा तपासली. शेवटी कळले की त्या दिवशी टपरीवाल्याने घरच्या बारशासाठी पाव नेले होते. मॅडमनी त्या नोंदीपुढे ‘बारसे’ असे लिहून ठेवायला सांगितले.

मला अर्थशास्त्र जे काही समजले ते या वहीमुळे. मॅडमचा एकच प्रश्न असे: बाहेरून आलेला रुपया इथे मुक्काम करतो का? बोईसरहून आलेला विद्यार्थी मावशींकडे जेवतो. मावशी अर्नाळ्याच्या आपल्या जावेकडून जवळा घेतात, पास्कूकाकांकडून पाव घेतात, घरी जाताना रिक्षा करतात. त्या रिक्षावाल्याची मुलगी याच उपकेंद्रात शिकते आणि माझ्याकडे तिचा प्रकल्प टाइप होतो. मी दुपारी मावशींकडेच जेवतो. असा तो रुपया हात बदलत राहतो, पण तालुका सोडत नाही. उलट आतल्या उपाहारगृहाचा ठेका बाहेरच्या कंपनीकडे होता. तिथे दिलेला रुपया त्याच संध्याकाळी निघून जाई. विद्यापीठाने परिसराला काय दिले, याचे उत्तर इमारतीत शोधू नका, फाटकाबाहेर शोधा, असे मॅडम सांगत. अहवालाची मुख्य शिफारसही तीच होती. या विक्रेत्यांना नाममात्र भाड्यात पक्के ओटे बांधून द्यावेत, म्हणजे पैसा इथेच राहील.

मॅडम मूळच्या वटारच्या, बागाईतदार घरातल्या. त्यांच्या आई केळी आणि सोनचाफा बाजारात पाठवत. मालाला काय भाव आला ते दुसऱ्या दिवशी दलालाच्या चिठ्ठीवरून कळे. “सगळी माहिती त्याच्याकडे, आमच्याकडे नुसता माल,” असे मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. म्हणूनच अभ्यासाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी फाटकावर सर्वांना एकत्र बोलावून शब्द दिला की, कोणाचेही नाव कागदावर येणार नाही. वहीत फक्त क्रमांक होते. कोणता क्रमांक कोणाचा, हे एका वेगळ्या वहीत होते आणि ती वही मॅडमच्या लोखंडी कपाटात असे.

त्यांच्या वैयक्तिक स्नेहाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, वटारहून येताना त्या माझ्यासाठी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणत, आणि पुडा देताना टक्केवारीचे एक गणित घालत. गणित चुकले तरी पुडा मिळे. दोन वर्षे त्यांनी बारावीचा फॉर्म स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला. दोन्ही वेळा तो मी व्यवस्थित भरला आणि दोन्ही वेळा शेवटच्या तारखेला दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “फॉर्ममध्ये एकही चूक नव्हती. ती तरी करायचीत.”

आता मी माझ्या चुकीकडे येतो.

२०१७ च्या जूनमध्ये अहवाल बांधणीसाठी तयार झाला. त्या आठवड्यात मॅडमच्या आई फार आजारी होत्या आणि मॅडम वटारहून जाऊन-येऊन काम करत होत्या. मजकूर सगळा त्यांनी ओळीने ओळ तपासला होता. राहिले होते फक्त शेवटचे परिशिष्ट, म्हणजे विक्रेत्यांचा तक्ता. त्यात क्रमांक, व्यवसाय आणि आठवड्याचा माल एवढेच होते. टाइप करताना मला तो तक्ता अपुरा वाटू लागला. विद्यापीठाच्या नमुन्यात ‘संपूर्ण तपशील’ असा शब्द होता. शिवाय काही दिवसांपूर्वी फिलूमावशींनी मला विचारले होते, “पुस्तकात आमचं नाव छापून येनार का रे?” त्या थट्टेत म्हणाल्या होत्या, पण ते माझ्या मनात राहिले. विद्यापीठाच्या शिक्क्याच्या पुस्तकात या माणसांची नावे यावीत, असे मला खरोखर वाटले. त्यांच्या घरातल्या कोणाचे नाव तिथे कधी आले नव्हते. माझ्याही नाही.

नावे मला वेगळ्या वहीवाचून माहीत होती. रोज शेजारीच बसत होतो. मी तेवीसच्या तेवीस नावे घातली. प्रत्येकाचे गाव घातले, कधीपासून बसतात ते घातले, आणि टेप घेऊन मोजलेली प्रत्येक टपरीची लांबी-रुंदी फूट-इंचांत घातली. फिलूमावशींच्या टपरीची रुंदी चार फूट सात इंच होती. तेविसावे नाव माझे. एकही काना-मात्रा चुकू नये म्हणून तो तक्ता मी चार वेळा वाचला.

मॅडम घाईत सहीला आल्या तेव्हा त्यांनी विचारले, “परिशिष्ट नीट बघितलंत ना?”

“हो मॅडम. चारदा.”

त्यांनी सही केली. मला वाटत होते, पुस्तक हातात पडल्यावर त्यांना आनंद होईल. पाच प्रती बांधून झाल्या आणि त्याच दुपारी विद्यापीठात गेल्या. मॅडमची स्वतःची प्रत मी दुसऱ्या दिवशी दिली. शेवटचे पान त्यांनी उघडले, पाहिले, आणि बराच वेळ बंद केले नाही. मग लगेच फोन करून प्रती परत मागितल्या. उत्तर मिळाले की, अहवाल दाखल झाला आहे, आता तो परत देता येत नाही. त्यांनी लेखी पत्र दिले की, ते परिशिष्ट वापरू नये. त्या पत्राची पोच माझ्याकडे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत फाटकावर नोटीस लागली. सुरक्षेच्या कारणाने फाटकासमोरील अतिक्रमणे हटवण्यात येत आहेत, असा मजकूर होता आणि खाली तेवीस नावे होती. नावांचा क्रम माझा होता. रुंदीच्या रकान्यात चार फूट सात इंच होते. ते माप माझ्याखेरीज कोणी घेतलेलेच नव्हते.

सुट्टी संपायच्या आत टपऱ्या गेल्या. मॅडम स्वतः फाटकावर आल्या तेव्हा विक्रेते जमलेले होते, आणि मी त्यांच्यात उभा होतो. सर्वांसमोर फिलूमावशी म्हणाल्या, “मॅडम, तुमी बोलले होते, नाव येनार नाय. आमचं पाव मोजून मोजून आमचं पोट मोजलंत, आनि कागद त्यांच्या हातात दिलात.”

मॅडमनी एकदाच माझ्याकडे पाहिले. पाहिले आणि नजर काढून घेतली. मग त्या म्हणाल्या, “यादी माझ्या अहवालातली आहे. सही माझी आहे. जबाबदारी माझी.”

मी दोन पावले अंतरावर होतो. ‘मी केले’ एवढे दोन शब्द पुरले असते. मी बोललो नाही. लोक मला मारतील असे वाटले, काम जाईल असे वाटले, आणि खरे सांगायचे तर मॅडम बोलून गेल्यावर आता काय बोलायचे, असेही वाटले. लोकांना माझी दयाच आली, कारण यादीत माझेही नाव होते.

त्यानंतर फाटकावर मॅडमना कोणी हाक मारली नाही. रिक्षावाले त्यांना पाहून दुसरीकडे बघत. विभागातही कुजबुज झाली. पुढे अशा कामांवर त्यांना नेमणे बंद झाले. काही आठवड्यांनी फिलूमावशी स्टेशनच्या वाटेवर जमिनीवर पातेले घेऊन बसू लागल्या होत्या. मॅडम तिथे गेल्या, ताट मागितले आणि पैसे पुढे केले. पातेले अर्धे भरलेले दिसत होते. मावशींनी पैसे परत केले. “तुमच्यासाठी संपलं,” त्या म्हणाल्या. मॅडम “बरं” म्हणाल्या आणि निघाल्या. मी सोबत होतो. तेव्हाही बोललो नाही.

फाटकासमोर आता कठडा आहे. आत बाहेरच्या कंपनीचे नवे उपाहारगृह आहे, स्वच्छ आहे, आणि पाव बाहेरून येतो. पास्कूकाकांच्या दोन भट्ट्यांपैकी एक बंद झाली. फुलपाड्यातल्या खाटा कमी झाल्या नाहीत, हे नमूद केले पाहिजे. उपकेंद्राने खोल्यांना भाडे दिले, मुलामुलींना पदव्या दिल्या, रिक्षावाल्याची ती मुलगी आज बँकेत आहे. मॅडम नेहमी सांगत की, एक बाजू लिहून दुसरी वगळायची नाही. पण अर्नाळ्याच्या जवळ्याला फाटकावर आता गिऱ्हाईक नाही. मोजायला पावच उरले नाहीत, म्हणून अहवालानंतरही मी चालू ठेवलेल्या वहीतल्या सोमवारच्या नोंदी तिथेच थांबल्या.

त्याच हिवाळ्यात एके दिवशी मॅडमनी मला बोलावले. रागावतील या तयारीने मी गेलो. त्यांनी एक कोरी वही दिली. उठवलेल्या तेवीस जणांपैकी अकरा जणांना पुन्हा उभे राहणे शक्य नव्हते. त्यांना त्या स्वतःच्या पैशांतून मदत करणार होत्या, पण त्यांच्या हातून कोणी काही घेतले नसते. म्हणून मदत पास्कूकाकांच्या हातून जायची आणि नाव बेकरीचे सांगायचे, असे ठरले. “तुम्ही हिशेब लिहा,” मॅडम म्हणाल्या. “एवढंच तुमच्याकडे मागते.”

मी म्हणालो की, सगळा खर्च मी फेडीन. त्या म्हणाल्या, “सगळा नाही. न विचारता लिहिलंत तुम्ही, न वाचता सही केली मी. निम्मा.” हाती पुन्हा नियमित काम आल्यावर, २०१९ च्या जानेवारीपासून, मी दरमहा तीनशे रुपये देऊ लागलो. ते त्यांनी कधी नाकारले नाहीत. दर वेळी पावती दिली.

गेली काही वर्षे हे असेच चालले होते आणि बहुधा असेच संपलेही असते. या ग्रंथातील ती दोन वाक्ये टाइप करावी लागली, तेव्हा मला बसवेना. लेख लिहिण्याआधी ज्यांचे नुकसान झाले त्यांना तोंडाने सांगायला हवे, असे ठरवून गेल्या ऑगस्टमधील एका रविवारी मी चिंचोटीला गेलो. फिलूमावशी आता पावसाळ्यात तिथे धबधब्याच्या वाटेवर हातगाडीवर कणसे आणि चहा विकतात. त्या दिवशी पोलिसांनी वाट बंद केली होती, त्यामुळे गिऱ्हाईक नव्हते आणि मावशी कणसे सोलत बसल्या होत्या.

मी उभ्यानेच सगळे सांगितले. मावशींचा हात थांबला नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “यादीत तुझं पन नाव व्हतं ना?”

“होतं. तेविसावं.”

“म्हंजे सोताची टपरी सोताच मोडलीस.”

“हो.”

“मंग शिकलेल्या लोकांत बसतोस कशाला? आमच्यातलाच हायेस.” त्यांनी कणीस बाजूला ठेवले. “तवा का नाय बोललास?”

“घाबरलो होतो.”

“कोनाला? मला?”

“तुम्हाला पण.”

मावशी हसल्या नाहीत. मी हातगाडीबद्दलही सांगितले. त्या गाडीला टेकूनच बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून गाडीच्या चाकाकडे पाहिले आणि विचारले, “ही पास्कूची नाय?”

“नाही. मॅडमची.”

मावशींनी चाकावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “आठ वर्सं त्या बाईला आमी पानी पन नाय इचारलं. मी तर ताट नाकारलं. पातेल्यात भात व्हता.” कणीस पुन्हा हातात घेत त्यांनी विचारले, “कार्यक्रम कुठं हाय?”

“उपकेंद्राच्या सभागृहात. तुम्ही याल?”

“त्या फाटकातून मी आत जानार नाय. तिला भायेर आन. साडेबाराला. मी जेवान घेऊन येते. बाकीच्यांना पन मीच सांगते. तू सांगाया गेलास तर आधी यादी करत बसशील.”

हा लेख इथवर लिहून झाल्यावर मी वटारला जाऊन मॅडमना वाचून दाखवला. चिंचोटीच्या प्रसंगाशी त्यांनी मला थांबवले.

“फिलूला सांगितलंत? मला विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

त्यांनी मला पुढे वाचायला सांगितले. नंतर म्हणाल्या, “गौरवग्रंथात असं लिहीत नाहीत. पण लिहिताच आहात तर मी न वाचता सही केली, ते गाळू नका.” ते गाळलेले नाही, हे मी त्यांना पान उलटून दाखवले. त्यांनी माझी पेन्सिल मागितली. एका ठिकाणी मी त्यांच्या नावाआधी ‘थोर’ असे लिहिले होते, तिथे खूण केली. तो शब्द काढला आहे. मी निघताना त्या म्हणाल्या, “साडेबाराला बाहेर पडायचं तर भाषणं बाराला संपवायला सांगा संपादकांना.”

ज्यांना हा ग्रंथ मिळेल त्या सर्वांना माझी एक विनंती आहे. त्या दोन लेखांतील ती वाक्ये वाचाल तेव्हा हे पानही वाचा. फाटकावर त्या दिवशी जे दोन शब्द मी बोललो नाही, ते इथे लिहितो: मी केले.

मॅडमना आयुरारोग्य लाभो, हे तर सर्वांनीच लिहिले आहे. माझी इच्छा जरा हिशेबी आहे. माझ्या हप्त्याप्रमाणे बाकी फिटायला अजून एकशे एकतीस महिने लागतील. तेव्हा मॅडमचे एकाहत्तरावे वर्ष संपत आलेले असेल. हप्ता वाढवणे आता मला अशक्य नाही, पण मी तो वाढवणार नाही. शेवटची पावती त्यांनी स्वतःच्या हाताने, चष्म्याचा नंबर न वाढता लिहून द्यावी, आणि त्यानंतर पंचाहत्तरीच्या ग्रंथाचे टाइपिंग मला मिळावे. त्यात यादी लागली तर मी आधी विचारीन.

डिसेंबर २०२५ अखेरचा हिशेब:

हातगाड्या चार, प्रत्येकी ११,५०० रुपये: ४६,०००
फुलपाड्यातील दोन गाळ्यांची अनामत, प्रत्येकी २५,००० रुपये: ५०,०००
पाच जणांना शेगड्या व भांडी: १७,४००
अर्ज, मुद्रांक व वकील: ६,३५०
मॅडमनी केलेला एकूण खर्च: १,१९,७५०
पैकी माझ्याकडील निम्मा: ५९,८७५
फेडले, ६९ हप्ते (टाळेबंदीतले पंधरा महिने चुकले): २०,७००
मॅडमना देणे बाकी: ३९,१७५

फिलूमावशींकडून मॅडमना येणे: जवळा-भाताचे एक ताट. कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, फाटकाबाहेर.